ऊन लागलेली कातडी आणि घरातले उपाय

(शहागड येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

शहागडला उन्हावर बोलायचं म्हणजे मासळीला पाणी शिकवण्यासारखं आहे. गोदावरीच्या अलीकडं आपला अंबड तालुका, पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातलं गेवराई, मधून सोलापूर-धुळे महामार्ग. इथं कापूस आहे, ऊस आहे, मोसंबीच्या बागा आहेत, आणि या सगळ्यात दिवसभर उभी राहणारी माणसं आहेत. ऊन काय असतं हे आम्ही तुम्हाला सांगायची गरज नाही. पण ऊन कातडीला नेमकं काय करतं, आणि त्यावर घरात जे जे लावलं जातं त्यातलं काय उपयोगी आणि काय घातक, हे बोलायची गरज नक्की आहे.

ही गरज आम्हाला का वाटली ते आधी सांगतो. आमच्याकडं भाजलेल्या कातडीचे जे पेशंट येतात, त्यातले बरेचसे निव्वळ उन्हानं बिघडलेले नसतात. उन्हानं थोडं बिघडलेलं असतं, आणि मग त्यावर जे लावलं त्यानं जास्त बिघडलेलं असतं. लग्न आठ दिवसांवर आलेली एक मुलगी आली होती. हात आणि गाल उन्हानं काळवंडले म्हणून घरच्यांनी बेसन आणि लिंबू चोळलं, आणि ती तशीच पत्रिका वाटायला दुपारी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी गालावर ओघळाच्या आकाराचे फोड. लिंबाचा रस जिथून जिथून ओघळला होता, बरोबर तिथं. आईनं मायेनंच लावलं होतं. माया खरी होती, उपाय चुकला होता. आजचं व्याख्यान या चुकीबद्दल आहे.

भाजतं ते उष्णतेनं नाही

पहिली गोष्ट. आपण म्हणतो ‘ऊन लागलं’, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे उष्णता, आणि दुसरी म्हणजे उन्हातले अतिनील किरण, इंग्रजीत ज्याला अल्ट्राव्हायोलेट म्हणतात ते. कातडी भाजते ती या किरणांनी. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत.

याचा एक जुना प्रयोग आहे. १८२० च्या सुमारास एव्हरार्ड होम नावाच्या इंग्रज शल्यवैद्यानं स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरले. एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड. कापडाखालचा हात जास्त तापला, थर्मामीटरनं तसं दाखवलं. पण भाजला कोणता? उघडा. जास्त गरम झालेला हात शाबूत राहिला आणि कमी गरम झालेल्यावर फोड आले. म्हणजे भाजणं हे उजेडाचं काम आहे, तापमानाचं नाही.

आता याचा आपल्या वेळापत्रकाशी संबंध बघा. शहागडात मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या थोडा आधी. मेच्या मध्यावर तर एक दिवस असा येतो की भरदुपारी उभ्या माणसाची सावली पायाखालीच जाते. दिवसभरातल्या अतिनील किरणांचा निम्म्याहून जास्त भाग साडेदहा ते अडीचच्या मध्ये पडतो. हवा मात्र सगळ्यात जास्त तापते ती तीन-साडेतीनला. म्हणून माणूस फसतो. अकरा वाजता वारा बरा असतो, ‘अजून एवढं ऊन नाही’ असं वाटतं, आणि कातडी भाजत असते ती तेव्हाच.

घड्याळ नसलं तरी चालेल. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, की किरण तीव्र आहेत असं समजायचं. ही खूण पोराटोरांनाही कळते. आणि नदीवर डुंबणाऱ्या पोरांच्या आयांना एक सांगायचंय. पाण्यात गार वाटतं म्हणून ऊन लागत नाही असं नाही. अर्धा मीटर खोल पाण्यातही यातले बरेच किरण पोचतात, आणि काठावरची कोरडी वाळू त्यातले काही परत अंगावर फेकते.

आपल्या रंगाच्या कातडीवर ते कसं दिसतं

किरण कातडीच्या पेशींच्या आत शिरतात आणि तिथल्या डीएनएला इजा करतात. शरीर त्या इजेला उत्तर म्हणून तिकडं रक्त जास्त पाठवतं. त्यातून गरमपणा, लाली, ठणका, सूज. पण हे लगेच होत नाही. उन्हातून आल्यावर तीन ते सहा तासांनी सुरू होतं, आणि बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त होतं. म्हणून शेतात काही कळत नाही आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकवत नाही. पुढं तीन-चार दिवसांत ओसरतं आणि मग पापुद्रे निघतात.

पुस्तकातले फोटो गोऱ्या माणसांचे असतात, टोमॅटोसारखे लाल. आपली कातडी सावळी. तिच्यात मेलॅनिन जास्त, ते बऱ्याच किरणांना अडवतं. त्यामुळं आपण उशिरा भाजतो, पण भाजतो. लाली नीट दिसत नाही. दिसतो तो काळपट-तांबूस रंग. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. कातडी ताणल्यासारखी लागते का, हात लावला की चटका बसल्यासारखं होतं का, शेजारच्या झाकलेल्या भागापेक्षा गरम लागते का? तीनही ‘हो’ असेल तर ती भाजली आहे.

इथं एका गोष्टीकडं लक्ष द्या. ज्यांच्या अंगावर कोड आहे, त्यांच्या पांढऱ्या डागांत मेलॅनिन नसतं. तो डाग फार लवकर भाजतो. घरात असं कुणी असेल तर त्या माणसाला लपवायची गरज नाही, डागाला उन्हापासून झाकायची गरज आहे.

पहिला उपाय: माठातलं पाणी

आता उपायांकडं येऊ. आधी एक गोष्ट कबूल करूया. पेशींना झालेली इजा भरून काढणारा लेप कुणाच्याही घरात नाही, आणि दवाखान्यातही नाही. ती दुरुस्ती शरीर स्वतः करतं. आपला उपाय करतो ती दोन कामं. आग शमवतो आणि दुरुस्तीच्या आड काही येऊ देत नाही. घरगुती उपाय याच मापानं मोजायचा.

या मापावर पहिला नंबर पाण्याचा. माठातल्या किंवा रांजणातल्या पाण्यात स्वच्छ सुती फडकं भिजवायचं, हलकं पिळायचं आणि भाजलेल्या जागी दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. फडकं गरम झालं की पुन्हा भिजवायचं. दिवसातून चार-पाच वेळा. पाणी बाष्प होऊन उडताना कातडीतली उष्णता घेऊन जातं. माठ ज्या नियमानं पाणी गार करतो, तोच नियम.

बर्फ मात्र थेट लावू नका. रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फाचा खडा आणून पाठीवर फिरवणारे आम्ही पाहिलेत. आधीच दुखावलेल्या कातडीला बर्फ वेगळा चटका देतो. आणि साबण लावून घासणं बंद. अंग टिपायचं, पुसायचं नाही.

आता स्वयंपाकघरात आणि परसात फेरी मारू

*कोरफड.* हिचं नाव सगळ्यात आधी येतं आणि ते बरोबर आहे. पण पान तोडून तसंच चोळू नका. पान कापलं की सालीलगत एक पिवळा, कडू चीक येतो. हाच वाळवून काळा बोळ करतात. तो चीक कातडीला खाजवतो, कुणाला पुरळही येतं. म्हणून पान कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, चीक गळू द्यायचा, धुवायचं, मग साल काढून आतला पारदर्शक गर घ्यायचा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा. त्रास नसेल तर लावा. गार वाटतं, ओल टिकते. ‘कोरफडीनं जखम निम्म्या दिवसांत भरते’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मात्र मान हलवू नका. तेवढा पुरावा नाही.

*काकडी, दही, ताक.* गार काकडीचे काप ठेवले तर बरं वाटतं, कारण त्यात पाणी आहे. गार दह्यानंही बरं वाटतं. पण फोड नसलेल्या, न फुटलेल्या कातडीवरच लावायचं, आणि दहा मिनिटांत धुवून टाकायचं. फुटलेल्या कातडीवर दही म्हणजे जंतूंना आमंत्रण. ताकात मीठ घातलं असेल तर लावू नका, झोंबेल. ते प्या. ताकाची खरी जागा पोटातच आहे.

*चंदन आणि मुलतानी माती.* सहाणेवर उगाळलेलं चंदन गार लागतं. पण बाजारातली ‘चंदन पावडर’ आणि रंगीत बाटलीतलं गुलाबपाणी यात बरेचदा कृत्रिम सुगंध असतो, आणि भाजलेली कातडी सुगंधावर लवकर चिडते. मुलतानी माती वाळताना कातडी ओढते आणि ओल शोषते. भाजलेल्या कातडीला आधीच ओल कमी. म्हणून ती पूर्ण बरी होईपर्यंत नको.

*खोबरेल आणि तूप.* इथं वेळ महत्त्वाची. पहिल्या दिवशी कातडी धगधगत असताना तेलाचा जाड थर नको, तो आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. तीन-चार दिवसांनी आग गेली, कातडी कोरडी पडून पापुद्रे निघायला लागले, की मग शुद्ध खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन ओलसर कातडीवर पातळ लावा. पापुद्रे ओढून काढू नका. खालची कातडी अजून कच्ची असते.

*हळद.* हिच्यावर आपली श्रद्धा मोठी. पण ताज्या भाजलेल्या भागावर हळदीची पूड खरखरीत लागते, चिकटते, आणि पिवळ्या रंगाखाली कातडी बिघडतेय का ते डॉक्टरलाही दिसत नाही. भाजीत घाला.

*टूथपेस्ट आणि बिब्बा.* टूथपेस्ट पुदिन्यामुळं क्षणभर गार लागते, मग जाळते. आणि बिब्ब्याबद्दल हात जोडून सांगतो. बिब्ब्याचं तेल चांगल्या कातडीवर फोड आणतं. भाजलेल्या कातडीजवळ तो नेऊसुद्धा नका.

लिंबू आणि बावची

आता त्या लग्नाच्या मुलीकडं परत येऊ. कागदी लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं, की ती किरणांना कातडीत जास्त मारक बनवतात. नुसतं लिंबू लावलं आणि घरात बसलात तर फक्त झोंबेल. लिंबू लावून उन्हात गेलात तर एक-दोन दिवसांत फोड येतील, आणि फोड गेल्यावर काळा डाग महिनोन् महिने राहील. गोरं व्हायला लावलं आणि काळा डाग पडला. रसवंतीवर आणि सरबताच्या गाड्यावर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांच्या बोटांवर असे डाग दिसतात. त्यांनी गिऱ्हाईक बघून झालं की हात साबणानं धुवावेत, एवढ्यानं फरक पडतो. अंजिराच्या चिकाचंही असंच होतं.

याच जातीचं द्रव्य बावचीत आहे. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचं, हा उपाय फार जुना आहे, आणि त्यातलं सोरालेन नावाचं द्रव्य आधुनिक वैद्यकानंही वापरलं आहे. पण तिथं द्रव्याचं माप आणि उजेडाची वेळ मिनिटांत ठरवलेली असते. आपल्याकडं बाटलीतलं तेल चोपडून मे महिन्यात तासभर अंगणात बसतात, आणि पाय फोडांनी भरून येतात. बावची वाईट नाही, बेमाप बावची वाईट आहे. त्वचेच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

उन्हाचं वाटतं, पण उन्हाचं नसतं

काही जण सांगतात, ‘दरवर्षी ऊन लागतं, चेहरा-मान खाजते, हिवाळ्यातही जात नाही.’ उन्हानं भाजलेली कातडी आठवड्या-दोन आठवड्यांत निवळते. नाही निवळली, तर दुसरं काही शोधायचं.

पहिला संशय गाजर गवतावर. पुण्यात १९५० च्या दशकात याची नोंद झाली, आणि आज आपल्या एकाही बांधावर ते नाही असं नाही. त्याचे बारीक कण हवेतून उडून चेहरा, मान, कोपरे अशा उघड्या जागी बसतात आणि ॲलर्जी होते. पापण्या, कानामागची आणि हनुवटीखालची जागाही खाजत असेल, तर ते फक्त उन्हाचं नाही. तिथं ऊन कमी पोचतं, धूळ पोचते.

दुसरा संशय आहारावर. मान, हाताची पाठ, पावलं यांवर दोन्ही बाजूंना सारखे, सीमा आखल्यासारखे काळे जाड पट्टे, सोबत जुलाब आणि चिडचिड किंवा विसराळूपणा, हा पेलाग्रा असू शकतो. नियासिन नावाच्या जीवनसत्त्वाची कमतरता. हा आजार दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या भागात पूर्वी बराच दिसे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्यूसीन या घटकाकडं बोट दाखवलं. त्या मतावर पुढं वाद झाले, पण नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्या गरीब घरांत हा आजार होतो, हे निरीक्षण पक्कं होतं. भाकरी सोडा असं आम्ही म्हणत नाही. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, जमेल तर अंडं असू द्या. आज हा आजार कमी झालाय, पण दारूच्या आहारी गेलेल्या माणसात अजून दिसतो. अशा माणसाला कोरफड लावून काय होणार?

तिसरा संशय औषधांवर. डॉक्सिसायक्लीनसारखी काही प्रतिजैविकं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सांधेदुखीची काही मलमं यांनी कातडी उन्हाला हळवी होते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरला सांगा.

घरातला उपाय कुठं थांबवायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या भागावर फोड, चेहऱ्यावर सूज, ताप-थंडी, फोडात पू, किंवा लहान बाळ भाजलेलं, यातलं काहीही असलं तर दवाखाना. फोड फोडू नका. ते शरीरानं स्वतः घातलेलं बँडेज आहे.

आणि माणूस बरळायला लागला, तोल जातोय, झटका आला, अंग भट्टीसारखं तापलंय, तर ते कातडीचं प्रकरण नाही, तो उष्माघात आहे. तिथं कांदा चोळत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. इथं अर्धा तासही मोलाचा असतो.

या दोन गोष्टींत एक धागा आहे. भाजलेल्या कातडीला काही दिवस नीट घाम येत नाही. घाम नाही तर शरीर गार होत नाही. म्हणजे काल ज्याची पाठ भाजली, त्याला आज उष्माघाताचा धोका जास्त. ‘कातडीच तर आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच उन्हात जाणं, हे म्हणून महागात पडतं.

पाणी पीत राहा. ताक, पन्हं, अंबील चांगलं. जास्त घाम गेला असेल तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोजून. मीठ अंदाजानं टाकू नका.

‘घरात बसा’ हे सांगणं सोपं आहे

व्याख्यान संपल्यावर एका मावशींनी विचारलं, ‘डाक्टर, दुपारी बाहेर पडू नका म्हणता, मग रोजी कोण देणार?’ हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याला मलमात उत्तर नाही.

आमचं उत्तर असं. काम टाळता येत नसेल तर काम सरकवा. सहा ते दहा आणि चारनंतर. मुकादमाशी, शेतमालकाशी एकट्यानं नाही, टोळीनं मिळून बोला. मालकांनाही सांगतो, चाळीस अंशाच्या दुपारी माणसाच्या हातून काम तसंही निम्मंच होतं.

दुसरं, अंग झाका. कापूस वेचताना आपल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. त्याला कुणी हसत असेल तर हसू द्या. ते कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा चांगलं संरक्षण आहे. कापड घट्ट विणीचं हवं. उजेडाकडं धरून बघा. आरपार दिसलं तर किरणही आरपार जातात. पांढरं पातळ सुती कापड भिजलं की आणखी कमी अडवतं. पुरुषांची गांधी टोपी डोकं झाकते, कान आणि मान उघडी राहते. तिथं उपरण्याचा शेव मागं सोडा. सनस्क्रीन परवडत असेल तर एसपीएफ ३० चं घ्या, भरपूर लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. परवडत नसेल तर कमीपणा वाटून घेऊ नका, कापड आणि सावली यांचा नंबर आधी लागतो.

शेवटी एका दादांनी विचारलं, ‘मग आजीचे उपाय खोटे का?’ नाही. आजीनं माठाचं पाणी, ताक, सावली आणि दुपारची झोप दिली. ते सगळं आजही खरं आहे. नंतर आपण त्यात लिंबू, टूथपेस्ट आणि गोरं होण्याची घाई मिसळली. ती घाई तेवढी काढून टाकूया.

घरी जाताना सावलीकडं बघत जा.